हाडाची साक्ष

गोव्यात अंत्रुज महालात आमची कुलदेवता आहे. आमचे घराणे घाट चढून खानापूर तालुक्यात स्थायिक झाले त्याला किती पिढ्या लोटल्या हे आज कोणालाही नीट सांगता येत नाही. परंतु वर्षातून एकदा घाट उतरून देवीच्या पायांशी जावयाचे, हा नेम मात्र कोणी मोडलेला नाही. माझ्या लहानपणी जत्रेला आमचे सारे गोत तेथे जमे. कोणी मुंबईहून येई, कोणी बडोद्याहून, आम्ही खानापुराकडून. अग्रशाळेच्या दोन खोल्यांत तीस-पस्तीस माणसे दाटीवाटीने उतरत आणि त्या दाटीतच वर्षभराची सुखदुःखे एकमेकांना सांगून होत.

त्या अग्रशाळेच्या ओसरीवर फणसाच्या लाकडाचा एक खांब आहे. दुपारची आरती आटोपून पाने मांडली जाईपर्यंत जो मोकळा वेळ मिळे, त्यात आमचे थोरले काका घरातील मुलांना एकेक करून त्या खांबाशी उभे करीत, डोक्यावर पंचांग आडवे धरीत आणि चाकूच्या टोकाने लाकडावर एक बारीक रेघ ओढीत. रेघेशेजारी नावाचे पहिले अक्षर कोरले जाई. पंचांगच घेण्यात काकांचा काही हेतू नव्हता. ते हाताशी असे, एवढेच. आज मात्र मला तो योग अर्थपूर्ण वाटतो. काळ मोजणारे पुस्तक डोक्यावर आणि देह मोजणारी रेघ त्याच्या खाली! ही दोन मापे निरनिराळी आहेत, हे नीट उमगण्यास मला वकिलीची कित्येक वर्षे खर्ची घालावी लागली.

माझा मुंबईचा चुलतभाऊ माझ्याहून अकरा दिवसांनी धाकटा. आमच्या दोघांच्याही पत्रिका काकांच्याच हातच्या, त्यामुळे त्या अकरा दिवसांविषयी वाद नाही. आम्ही तेरा वर्षांचे असताना खांबावर ज्या रेघा उमटल्या, त्यांत त्याची रेघ माझ्याहून सहा बोटे वर होती. त्याला मिसरूड फुटू लागले होते, आवाज घोगरा झाला होता. मी मात्र पोरसवदा तो पोरसवदाच. गोव्याच्या आत्याबाईंनी त्याच्याकडे डोळे भरून पाहिले आणि म्हणाल्या, "कितलो व्हड जालो रे तूं!" मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि काही बोलल्या नाहीत. ती मुकी दया मला फार लागली. त्या दिवशी पायसाची वाटी मी तशीच ठेवली.

आमचे घर उपाशी नव्हते. पण दूध चहापुरते, डाळ पातळ, शाळेला जाऊन-येऊन दोन कोसांची पायपीट, आणि पावसाळा लागला की ताप व जंत हे ठरलेले पाहुणे. पुढे एक चमत्कार घडला. सोळाव्या वर्षानंतर चुलतभावाच्या रेघा जवळजवळ एकाच जागी साचू लागल्या. माझ्या मात्र विसाव्या वर्षापर्यंत हळूहळू वर चढत राहिल्या. अखेरीस आम्हा दोघांत दोन बोटांचे अंतर उरले. काका म्हणाले, "खेड्यातले झाड सावकाश वाढते." मी ती एक म्हण समजून सोडून दिली. तिच्यात शरीरशास्त्र भरलेले आहे, हे मला पुढे न्यायालयात कळावयाचे होते.

२०१२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याच भागातील जंगलकडेच्या एका वाडीवरचा मुलगा दोन प्रौढ इसमांबरोबर रात्री दुकान फोडल्याच्या आरोपावरून धरला गेला होता. त्याचे नाव-गाव मी सांगणार नाही. कायदाही तशी मुभा देत नाही. अटकेच्या कागदात त्याचे वय एकोणीस लिहिले होते. ते कशावरून लिहिले, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. मी त्याला पाहिले तेव्हा तो मला पंधरा-सोळाचा वाटला: काटकुळे मनगट, ओठावर नुसती सावली, आणि माणसांच्या पायांकडे पाहत बोलण्याची सवय. त्याची आई माझ्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसली होती.

"बाई, मुलाचा जन्म कधीचा?"

"यात्रा झाली त्याच्या दुसऱ्या साली, वकीलदादा. सुगीत. भात कापायला आलतं. एवढंच ठावं हाय बघा."

शाळेचे तोंड त्याने पाहिलेले नव्हते. ग्रामपंचायतीत नोंद नव्हती. माझीही शाळेच्या पटावरील जन्मतारीख १ जून आहे. आमच्या गुरुजींनी निम्म्या वर्गाला एकाच दिवशी जन्मास घातले होते! पण ती खोटी का होईना, कायद्याच्या दृष्टीने एक तारीख तरी आहे. या मुलाला तेवढेही मिळाले नव्हते.

प्रश्न लहान नव्हता. गुन्ह्याच्या दिवशी वय अठराच्या आत असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाणार, आणि फार तर तीन वर्षे विशेष गृहात काढावी लागणार. अठराच्या वर असेल तर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या ४५७ व्या कलमाखाली, चोरीच्या इराद्याने रात्री घरफोडी केली म्हणून, चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकत होता. एका रेषेच्या अलीकडे मूल, पलीकडे गुन्हेगार. आणि ती रेषा या मुलाच्या आयुष्यात नेमकी कोठे पडते हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा लागू असलेल्या २००७ च्या नियमांनी वयनिश्चितीची उतरंड घालून दिली होती. प्रथम शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, मग पहिल्या शाळेचा दाखला, मग पालिका वा पंचायतीचा जन्मदाखला. आणि हे काहीच नसेल तरच वैद्यकीय मंडळाचे मत. मनुष्य बोलेनासा झाला, कागदही मुका निघाला, म्हणजे मग हाडाला साक्षीस बोलवावयाचे!

मी अर्ज दिला. मुलाच्या कोपराची, मनगटाची आणि कमरेच्या हाडाची क्ष-किरणचित्रे निघाली. ती निघेपर्यंतच्या दिवसांत मी वाचीत बसलो, आणि वाचता वाचता खटला बाजूला राहून त्या विषयानेच मला धरून ठेवले.

रंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले आणि त्याच डिसेंबरात आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि अंगठी, एवढेच त्यात दिसते. तेव्हापासून हात हा या विद्येचा आवडता साक्षीदार होऊन बसला आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मनगटाचे असे चित्र काढले तर तेथे मोकळी जागा दिसते. मनगट असतेच, पण ते अजून मऊ कूर्चेचे असते, आणि क्ष-किरणांना कूर्चा दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी पहिले दोन ठिपके उमटतात. मग एकेक हाड वर्षावर्षाच्या अंतराने, काळोख पडताना आकाशात चांदण्या दिसू लागाव्यात तसे, प्रगट होत जाते. आठवे, वाटाण्याएवढे, नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. मूल वयात येऊ लागले की अंगठ्याच्या मुळाशी तिळाएवढे आणखी एक हाड दिसू लागते.

लांब हाडांची तऱ्हा वेगळी. तेथे हाडाचा दांडा आणि त्याचे टोक यांच्यामध्ये कूर्चेची एक पातळ पट्टी असते. आपली उंची जी काही वाढते ती त्या पट्टीत वाढते. एके दिवशी ती पट्टीच हाड होऊन जाते, दांडा आणि टोक एकजीव होतात, आणि तेथील वाढ संपते. कोपरापाशी हे आधी घडते, मनगटापाशी नंतर. कमरेच्या हाडाची कड विशीच्या आसपास जुळते आणि गळ्यापाशी येणारे हासळीचे टोक तर विशी ओलांडून बरीच वर्षे गेल्यावर. सुश्रुताने हाडांचे जे पाच प्रकार सांगितले त्यांत नाक-कानांच्या मऊ हाडांना 'तरुण' असे नाव आहे. मनगटातील ही पट्टी त्याला अभिप्रेत नव्हती, आणि त्याच्या नावावर ती चढवण्याचा माझा विचार नाही. पण शब्द मात्र तिला शोभतो. हाडाच्या ज्या भागात अजून तारुण्य यावयाचे आहे, तोच भाग कोवळा राहिलेला असतो.

ही पट्टी केव्हा मिटावी हे कोण ठरवतो? पंचांग खास नव्हे. स्त्रीत्वाचे म्हणून ओळखले जाणारे एक अंतःस्राव द्रव्य मुलींत आणि मुलग्यांतही हा दरवाजा बंद करते. ज्याच्या शरीरावर त्या द्रव्याचा परिणामच होत नव्हता अशा एका पुरुषाची हकीकत १९९४ साली प्रसिद्ध झाली. वय अठ्ठावीस, उंची दोन मीटरांहून अधिक, तो अजून वाढतच होता, आणि हाडे मात्र पंधरा वर्षांच्या मुलाची! अशी व्यक्ती विरळा. परंतु लाखो साध्या मुलांत तोच खेळ सौम्यपणे चालतो. पोटात पुरेसे अन्न नसेल, त्यातही प्रथिने व जस्तासारखी खनिजे कमी पडत असतील, वारंवार ताप-हगवण होत असेल, जंत अन्नातला वाटा खात असतील, तर शरीर वाढीचे काम पुढे ढकलते. अडचणीत सापडलेला गृहस्थ रोजचा शिधा आधी भरतो आणि माडी चढवण्याचा बेत पुढल्या सालावर टाकतो. शरीराचा व्यवहारही तसाच आहे. हाडे रेंगाळतात, वयात येणे लांबते, आणि पट्टी उघडी राहते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी त्या भागातील खेड्यांतल्या मुलग्यांची वाढ वर्षानुवर्षे मोजून १९८० साली आपले निष्कर्ष मांडले. पाचव्या वर्षी जी मुले खुरटलेली होती त्यांची वयात येतानाची उसळी उशिरा आली आणि त्यांची वाढ अधिक काळ चालली. तरीही बालपणी पडलेली तूट पूर्णपणे भरून निघाली नाही. काकांच्या म्हणीचा हा उत्तरार्ध त्यांना ठाऊक नव्हता. खेड्यातले झाड सावकाश वाढते हे खरे. पण ते पुढे शहरातल्या झाडाला गाठतेच असे नव्हे. मी दोन बोटांवर निभावलो, कारण आमच्या घरी निदान पातळ का होईना डाळ होती.

आता प्रश्न असा की, हाडाकडे पाहून वय सांगणारा माणूस कशाशी ताडून पाहतो? त्यासाठी जगभर जो चित्रसंग्रह सर्वांत अधिक वापरला गेला तो ग्रॉयलिश आणि पाइल या दोघांचा. पहिली आवृत्ती १९५० ची, दुसरी १९५९ ची. त्यातील डाव्या हातांची चित्रे अमेरिकेतील क्लीव्हलँड या शहरात १९३१ ते १९४२ या काळात घेतलेली आहेत. ती मुले गोऱ्या, सुखवस्तू घरांतली होती. घरी दूध, अंडी, डॉक्टर यांची वाण नव्हती. संग्रह करणाऱ्यांनी ही गोष्ट लपवलेली नाही. त्यांना निरोगी वाढीचा नमुना हवा होता आणि तो त्यांनी प्रामाणिकपणे घेतला. पण तो नमुना मापदंड होऊन सातासमुद्रांपार आला की खानापूरच्या जंगलकडेचे मनगट क्लीव्हलँडच्या मनगटाशेजारी ठेवले जाते, आणि दोहोंत जे अंतर दिसते त्याला आपण 'वय' असे नाव देतो. आपल्याकडे काहीच झाले नाही असे नाही. गाल्स्टॉन यांनी १९३७ साली बंगालमधील लोकांच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि जयसिंग मोदी यांच्या १९२० साली प्रथम निघालेल्या न्यायवैद्यकावरील ग्रंथाच्या निरनिराळ्या आवृत्त्या आम्हा वकिलांच्या कपाटांत असतातच. परंतु तेथेही सरासरी ती सरासरी. वाडीवरच्या एका पोराच्या ताटात काय पडले हे तिला कोठून ठाऊक असणार?

सर्वोच्च न्यायालयाला या साक्षीदाराची मर्यादा चांगली माहीत आहे. जयमालाच्या १९८२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांची चूक संभवते, हे न्यायालयाने स्वतःहून गृहीत धरावे. सोळा आणि वीस यांच्यामध्ये जो साक्षीदार कोठेही उभा राहू शकतो, त्याच्या शब्दावर आपण मुलाला मंडळापुढे पाठवावयाचे की तुरुंगात, हे ठरवतो!

वैद्यकीय मंडळाचा अहवाल आला. कोपराची हाडे जुळलेली. मनगटाच्या पट्ट्या अजून उघड्या. वय सुमारे सतरा. मी उभा राहून नियम वाचला: नेमके वय ठरत नसेल तर न्यायालयाने एक वर्षाच्या मर्यादेत खालच्या बाजूचे वय धरून मुलाला लाभ द्यावा. आईच्या जबानीपुढे 'निश्चित तारीख सांगता येत नाही' अशी नोंद झाली. कोणती यात्रा, असे तिला कोणी विचारले नाही. सरकारी वकिलांनी विचारले नाही, न्यायाधीशांनी विचारले नाही, आणि मी तर विचारलेच नाही. अर्ज मंजूर झाला. मुलगा प्रौढांच्या तुरुंगातून निरीक्षणगृहात गेला, तेथे काही महिने राहिला, आणि पुढे देखरेखीच्या अटीवर आईच्या स्वाधीन झाला. त्या संध्याकाळी मी घरी पेढे नेले.

२०१९ साली त्या भागातील ग्रामदेवतेची मोठी यात्रा भरली. आमच्याकडच्या अशा यात्रा दरवर्षी होत नाहीत. मध्ये कित्येक वर्षांचे अंतर पडते आणि त्यामुळेच गावचा इतिहास त्यांच्यावरून मोजला जातो. 'यात्रेच्या आधी', 'यात्रेच्या नंतर' असे लोक बोलतात. मी दर्शन घेऊन मंडपात टेकलो होतो. समोर देवळाच्या भिंतीत संगमरवरी फरशी बसवलेली, तीवर आजवरच्या यात्रांचे शक आणि सन कोरलेले. सहज वाचता वाचता माझी नजर एका ओळीवर थांबली: शके १९१४, सन १९९२. तिच्या आधीची यात्रा १९८३ ची, नंतरची २००४ ची.

यात्रेच्या दुसऱ्या साली, सुगीत. मनातल्या मनात हिशेब होऊन गेला, आणि तो चुकण्यास जागाच नव्हती. १९८४ धरले तर दुकान फुटले तेव्हा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा होतो. २००५ धरले तर सात वर्षांचा. उरले १९९३. म्हणजे ऑगस्ट २०१२ मध्ये तो पावणेएकोणीस वर्षांचा होता. अटकेच्या कागदावर कोणी तरी अंदाजाने खरडलेला आकडाच खरा होता. ज्याला मी मूल म्हणून सोडवले तो कायद्याने मूल नव्हता.

वाचकहो, मी कोणतीही खोटी गोष्ट न्यायालयासमोर मांडली नव्हती. माझ्या माहितीत जे नव्हते ते मी लपवले असे कोणी म्हणणार नाही. बचावाच्या वकिलाने आपल्या अशिलाविरुद्ध पुरावा शोधत हिंडावे, असे कोणताही धर्म सांगत नाही. हे सारे युक्तिवाद त्या मंडपात बसल्या जागी मी स्वतःपुढे केले आणि ते सगळे मला पटलेही. तरी एक बारीक काटा राहिलाच. मला ठाऊक नव्हते हे खरे. पण ठाऊक करून घेण्याची मला घाई नव्हती, हेही तितकेच खरे. ते देऊळ माझ्या कचेरीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होते.

एवढ्यात कोणी तरी पायांना हात लावला. तोच मुलगा. आता पंचवीस-सव्वीस वर्षांचा पुरुष. गवंडीकाम करतो, लग्न झाले आहे, पालखीला खांदा देऊन आला होता म्हणून खांद्यावर गुलाल. मी उभा राहिलो आणि मला जाणवले की, आता त्याच्याशी बोलताना मान किंचित वर करावी लागते. न्यायालयात तो माझ्या कानापाशी येत असे. त्याची आई शेजारीच होती. माझ्या मनातले ओळखल्यासारखी ती म्हणाली, "तिथं दोन वेळ पोटभर मिळालं, दादा. त्यानंच हाड सुटलं त्याचं."

ती निरक्षर बाई एका वाक्यात जे बोलली ते मला इतक्या पुस्तकांनी सांगितले नव्हते. हाड खोटे बोलले नव्हते. त्याला आम्ही भलताच प्रश्न विचारला होता. आम्ही विचारले, 'तुझ्यावरून किती वर्षे गेली?' ते म्हणाले, 'मला सतरा वर्षांपुरते मिळाले.' सूर्याच्या फेऱ्या त्याने कधी मोजल्याच नव्हत्या. त्याने मोजली होती भाकरी, आजारपणे आणि उपास. जवळजवळ दोन वर्षांची जी तफावत निघाली ती त्याच्या घरच्या रिकाम्या चुलीची नोंद होती. आणि त्या नोंदीचा लाभ न्यायालयाने दिला, हे मला आता सर्वांत चमत्कारिक वाटते. समाजाने ज्याला लहानपणी भाकरी दिली नाही, त्याला कायद्याने त्या न दिलेल्या भाकरीचा फायदा दिला! मी पेढे वाटले ते कशाचे?

तराजूचे दुसरे पारडेही पुढे माझ्या पाहण्यात आले. तीन वर्षांपूर्वी कुलदेवतेच्या जत्रेला माझा तोच चुलतभाऊ मुंबईहून आपल्या मुलीला घेऊन आला होता. वय वर्षे नऊ. परंतु उंचीने अकरा-बाराची शोभेल अशी. खांब अजून तेथेच आहे. मध्यंतरी कोणी तरी त्याला तेलरंग फासला, तरी चाकूच्या रेघा बोटाला लागतात. आत्याबाई आता थकल्या आहेत. त्यांनी मुलीला खांबाशी उभे केले आणि त्याच कौतुकाने म्हणाल्या, "कितली व्हड जाली गे तूं!" मुलीच्या आईचा चेहरा उतरला. रात्री मुले निजल्यावर वहिनी म्हणाली, "भावजी, सगळे कौतुक करतात, आणि मला धडकी भरते."

मुलीला अकालीच वयात येण्याची चिन्हे दिसू लागली होती. डॉक्टरांनी डाव्या हाताचे चित्र काढले, तेव्हा हाडे अकरा वर्षांची निघाली. शहरातील सुखवस्तू घरांत आज मुलींना सरासरी साडेबाराव्या वर्षाच्या सुमारास ऋतू प्राप्त होतो. खेड्यांतील गरीब घरांत तो त्यानंतर. वजन वाढलेल्या मुलांची हाडे वयाच्या पुढे धावतात, असे डॉक्टर सांगतात. ही मुलगी आज वर्गात सर्वांत उंच आहे. पण तिची पट्टी लवकर मिटली तर पुढे ती सर्वांत बुटकी ठरण्याचा संभव. एकीकडे न मिळाल्यामुळे दार उशिरापर्यंत उघडे राहिलेला मुलगा, दुसरीकडे घाईने दार लोटून घेणारी मुलगी. एकाच प्रकारच्या चित्राकडे पाहून एकाविषयी न्यायाधीश म्हणतो 'लहान', दुसरीविषयी डॉक्टर म्हणतो 'मोठी'. आणि जन्मवेळेशी दोघांचाही संबंध नाही.

तरीही डॉक्टरांचे चुकत नाही, आणि याचे कारण मला विचारांती कळले. त्यांना मुलीची जन्मतारीख आधीच ठाऊक असते. ते हाडाला तारीख विचारत नाहीत. ते विचारतात, 'बाळा, तुझी वाढ किती झाली आणि किती उरली?' या प्रश्नाचे उत्तर देण्यास हाडासारखा दुसरा साक्षीदार नाही. त्या मुलीवर वेळीच उपचार सुरू झाले. आम्ही न्यायालयातले लोक मात्र याच साक्षीदाराला तारखेसाठी पिंजऱ्यात उभे करतो, कारण जी तारीख लिहून ठेवणे आपले काम होते ती आपण लिहिलेली नसते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याने ९४ व्या कलमात हाडाला अखेरचीच जागा दिली आहे, हे योग्यच झाले. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ पासून आहे. जन्माची खबर एकवीस दिवसांत दिली तर शुल्कही पडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरवला गेला आहे. पण वाडीवरच्या आईला हे कोण सांगणार? देवळाच्या भिंतीवर आपण यात्रांचे शक कोरतो, देणगीदारांची नावे कोरतो. यात्रेला आलेल्या लेकुरवाळ्या बाईला 'मुलाची नोंद झाली का?' एवढे विचारून ग्रामपंचायतीपर्यंत तिच्याबरोबर जाणारा एखादा तरुण प्रत्येक देवस्थानाने नेमला, तर ती सेवा देवीला रुजू होणार नाही काय? महाप्रसादाच्या पंक्तीविषयी मी वेगळे सांगत नाही. ती वर्षातून एकदा बसते. हाडाला रोजची पंक्त लागते.

आपल्या भाषेत अस्सल माणसाला 'हाडाचा' म्हणतात: हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक. लोक मला कधी कधी हाडाचा वकील म्हणतात. तेव्हा मला ते उघड्या पट्ट्यांचे मनगट आठवते आणि मी गप्प राहतो. तो खटला मी आज पुन्हा चालवला असता काय? चालवला असता, आणि तसाच चालवला असता. चौदा वर्षांच्या धास्तीपुढे त्या मुलाला एकटे सोडणे मला आजही जमणार नाही. पण यात्रा कोणती हे मी आईला आधी विचारले असते, आणि ते ऐकून घेऊन मग काय करावयाचे याचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला असता. हाडाच्या आड उभे राहून जिंकलो नसतो.

यंदा जत्रेला गेलो तेव्हा पाने मांडली जाईपर्यंत मी त्या खांबापाशी उभा होतो. तेलरंगाखाली माझी तेराव्या वर्षाची रेघ बोटाला सापडली. ती त्या वेळी मला अपमानाची वाटली होती. आज तिच्यात मला पातळ डाळ दिसली, पावसाळ्यातले ताप दिसले, दोन कोसांची वाट दिसली. धाकट्या मुलांनी विचारले, "काका, काय शोधता?" मी त्यांना खांबाशी उभे केले आणि पंचांग मागवले. रेघ ओढली, आणि या वेळी नावाच्या अक्षराशेजारी जन्मतारीखही कोरून घेतली.